तळाशी राखलेलं पितळ

संभाजीनगरला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. वेरूळ झालं का, आणि अजिंठा झालं का. जणू त्या शहरात नुसती लेणीच राहतात, माणसं राहतच नाहीत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तर पैठणी आणली का, असंही विचारून घेतलं. नाही आणली. वेरूळ नाही, अजिंठा नाही, पैठणी नाही. मी तिथं एक भट्टी पाहून आले. ती आता बंद झालीय, त्यामुळं तुम्ही गेलात तरी तुम्हाला दिसायची नाही. म्हणून लिहून ठेवतेय.

भट्टी माझ्या धाकट्या भावाची, शिरीषची. तो पंचविशीत नोकरीसाठी तिकडं गेला तो तिकडचाच झाला. बायकोही तिकडचीच केली, फर्दापूरची मंगल. पुढं वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड घेऊन त्यानं स्वतःचं ओतकाम सुरू केलं. सोबत सलीमभाई. नोकरीत दोघं एकाच भट्टीवर होते, तिथून दोघं मिळूनच बाहेर पडले. पितळेचे व्हॉल्व्ह ओतायचे, म्हणजे पाण्याच्या नि वाफेच्या नळांवर बसतात त्या झडपा. माल सगळा युरोपातल्या एका कंपनीला जायचा.

गेल्या हिवाळ्यात शिरीष गेला. शेडमध्येच छातीत कळ आली. मंगल त्या दिवशी भाच्याच्या साखरपुड्याला माहेरी होती. फर्दापूरहून ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी पुण्याहून रात्री पोचले तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, की हात लावला तेव्हा गार झाले होते. तेव्हापासून आजतागायत त्या दिवसाबद्दल ती दुसरं काही बोललेली नाही.

चैत्रात सलीमभाईंचा फोन आला. "ताई, एकदा येऊन जा. काम नाही, माल नाही, पण भाभी भट्टी बंद करू देत नाहीत. तुम्ही तेच शिकवत होता ना, तुमचं ऐकतील."

मी तेच शिकवत होते, हे खरं. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, आणि त्यातही माझा आवडता विषय एकच. एक रुपया कमवायला कोणता देश किती इंधन जाळतो, आणि हा आकडा देशादेशांत वेगळा का, काळानुसार बदलतो का. त्याचे आलेख काढण्यात माझी सुट्टीतली दुपार जायची. नवरा म्हणायचा, बाकीच्या बायका लोणची घालतात. तर असल्या बाईचं भावजय ऐकेल, असा सलीमभाईंचा हिशेब. मी बॅग भरली.

वाळूज

बसप्रवासाबद्दल काय लिहायचं? बस होती, ती चालली, मी पोचले. स्टँडवर सलीमभाई स्कूटर घेऊन उभे. त्यांनी आधी मला चहा पाजला. आमच्याकडं पुण्यात चहा घेणार का असं विचारतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. इथं कप हातात दिल्यावर विचारतात, आणखी घेणार का. साखर इतकी की चमचा उभा राहावा. मी गुपचूप प्याले.

छावणी मागं टाकून आम्ही वाळूजला निघालो. उन्हाची काहिली, रस्त्याच्या कडेला वाळलेलं गवत, आणि एकामागून एक शेड्स. शिरीषच्या शेडचं फाटक रंगवलेलं होतं. त्याला दर दिवाळीला ते रंगवायची हौस. मी तरातरा आत जायला निघाले तर सलीमभाईंनी दारातच अडवलं. माझी साडी नायलॉनची होती. ठिणगी पडली तर अंगाला चिकटेल, म्हणाले. एवढी चाळीस वर्षं ऊर्जा ऊर्जा करत होते आणि भट्टीसमोर काय नेसून जावं हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. शेवटी त्यांनी खुंटीवरचा खाकी कापडाचा लांब अॅप्रन काढून दिला. तो शिरीषचा होता. मला गुडघ्याच्या खाली आला. खिशात खडीसाखरेचे दोन खडे लागले. भट्टीजवळ घसा सुकतो म्हणून तो ठेवायचा. मला तिथं दारातच रडू आलं, आणि सलीमभाई उगाच कुलूप तपासत उभे राहिले.

आत कामाचा आवाज नव्हता. साच्यांची काळी वाळू ढिगात वाळून गेली होती आणि तिच्यावर मांजराची पावलं उठली होती. फक्त एक बारीक गुणगुण ऐकू येत होती, भट्टीतून वाहणाऱ्या विजेची. भट्टी म्हणजे धूर ओकणारं काहीतरी असेल असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, ती एका मोठ्या पिंपाएवढी होती, जाड लोखंडी अंगाची, वर झाकण. तिच्यापासून थोड्या अंतरावर स्टुलावर बसून मंगल तुरीची डाळ निवडत होती. मला पाहून उठली, पाया पडली, आणि परत बसली.

सलीमभाईंनी झाकण सरकवलं. आतून पिवळा-नारिंगी उजेड आला आणि वर पांढऱ्या धुराची एक रेघ निघाली. तळाशी पितळ होतं, वितळलेलं, अजिबात न हलणारं. तोंडावर झळ बसली तशी मी मागं सरले.

"हे त्यांनी शेवटचं टाकलेलं हाय, ताई," मंगल म्हणाली. "सकाळी टाकलं. निम्मं वतून झालं होतं. हे तेवढं ऱ्हायलं."

इथं थोडं समजावून सांगायला हवं. या जातीची भट्टी कधी पूर्ण रिकामी करत नाहीत. ओतून झालं तरी तळाशी थोडा वितळलेला धातू राखून ठेवतात, त्याच्याशिवाय वीज पुढच्या मालाला धरत नाही. कामगार त्याला हील म्हणतात. मंगल त्याला पहिल्या दिवसापासून विरजण म्हणते, आणि तेच जास्त बरोबर आहे. कालच्यातलं थोडं ठेवायचं, त्यात आजचं घालायचं. पण हे विरजण थिजू द्यायचं नसतं. थिजलं तर भट्टीच्या आतलं अस्तर तडकतं आणि भट्टी कामातून जाते. म्हणून दिवाळी असो, संप असो, वीज चालू ठेवावी लागते आणि कुणीतरी जवळ बसावं लागतं. शिरीष गेल्यापासून दिवसा सलीमभाई बसत होते, रात्री दोन जुने कामगार आळीपाळीनं, आणि सकाळ-संध्याकाळ मंगल. ओतायचं काहीच नव्हतं. युरोपातल्या कंपनीनं शिरीष असतानाच कळवलं होतं, की आता पितळ नको, व्हॉल्व्ह प्लॅस्टिकचे करतोय.

बसमध्ये मी भाषण तयार केलं होतं. फार चांगलं होतं. मुद्दे, उदाहरणं, शेवटी जरा भावनिक. त्यातलं एक अक्षर तोंडातून फुटलं नाही. माझ्या विषयात एक साधा भागाकार असतो, वर जाळलेली ऊर्जा आणि खाली झालेलं उत्पादन. या भट्टीच्या रेघेखाली शून्य होतं, आणि शून्यानं भागायचं नसतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी स्टूल ओढलं आणि तिच्याबरोबर डाळ निवडायला बसले.

संध्याकाळी घरी तिनं येसराची आमटी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या. येसर म्हणजे धान्यं भाजून, मसाला घालून दळलेलं पीठ, त्याची आमटी. मराठवाड्यात लग्नाकार्यात ती हवीच. तिखट इतकं की कानातून वाफा निघाव्यात. भाकरीचं पीठ घेताना मी पाहिलं, डब्याच्या तळाशी तिनं मूठभर पीठ तसंच ठेवलं आणि नवीन पिशवी त्यावर ओतली. मी विचारलं तर म्हणाली, "डबा कधी खरवडत नाय आमच्यात. घरात काय रिकामं करू नाय." आमच्याकडं पुण्यात डबा खरवडून, पालथा घालून, ठोकून पाहतात, आणि मग दुकानात फोन करतात. मी हसले. तीही जरा हसली. तिथं असताना ती हसलेली मी तेवढीच पाहिली.

पाणचक्की

दुसऱ्या दिवशी सलीमभाई म्हणाले, चला ताई, तुम्हाला जरा फिरवून आणतो. मला कळलं की बोलायचंय. पाणचक्कीला नेलं. दूरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून उतारानं आणून त्यावर जातं फिरवायचं, त्यावर तिथं राहणाऱ्या फकिरांसाठी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी दळण दळायचं, अशी ती जुनी सोय. ना पंप, ना कोळसा. आम्ही गेलो तेव्हा हौदात पाणी खाली गेलं होतं आणि मासे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. मोठ्या वडाखाली आम्ही बसलो. तिथं तेवढं गार होतं.

अशा जागी माझं डोकं गप्प बसत नाही. कोणताही देश या जात्यापाशी सुरुवात करतो. पाणी, बैल, सरपण, आणि माणसाचे हात. मग कारखाने येतात, लोखंड आणि सिमेंट येतं, आणि रुपयामागं जाळायचं इंधन वाढत जातं. पुढं यंत्रं सुधारतात, लोक कचेऱ्यांत आणि दुकानांत कामाला लागतात, आणि रेघ खाली येते. आलेखात डोंगरासारखा आकार दिसतो. जो देश उशिरा चढतो त्याचा डोंगर बुटका, कारण त्याला दुसऱ्यांनी सुधारलेलं यंत्र आयतं मिळतं. थंड मुलुखात घर तापवायलाच निम्मं जातं, लांबरुंद देशात माल वाहायला जातं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली.

पण आणखी एक कारण आहे, आणि त्यावरून शिरीष माझ्याशी दर भाऊबीजेला भांडायचा. ज्या देशाला तो व्हॉल्व्ह पाठवायचा, त्या देशाची रेघ माझ्या आलेखात किती सुरेख उतरली होती! मी कौतुकानं दाखवली की तो ताटावरून उठायचा. "ताई, ज्या घरात डबा बाहेरून येतो त्या घराचा गॅस कमीच लागणार. त्यांची चूल माझ्या शेडमध्ये पेटलीय. तुझ्या कागदावर ते शहाणे, आणि आम्ही उधळे!" मी म्हणायचे, अरे, वरणभात गार होतोय, बस. त्याचं म्हणणं मी पुढं वर्गात सांगायला लागले, आणि तेही त्याच्या नावानिशी. पोरं हसायची. हे त्याला कळवलं तेव्हा तो इतका खूश झाला होता की सगळ्या शेडला पेढे वाटले. आता भाऊबीज आली की मी कुणाशी भांडू, हे तिथं वडाखाली बसल्यावर माझ्या मनात आलं आणि मी हौदातल्या माशांकडं बघत बसले.

सलीमभाईंनी मला सावरू दिलं, आणि मग सांगितलं. शेंद्र्याकडच्या एका नव्या कारखान्यात त्यांना बोलावलं होतं. भट्टीचं खातं सांभाळायला, आणि सोबत दोन्ही कामगारांनाही. या वयात असं कोण बोलावतं? पण सोमवारी हजर व्हायचं होतं. तो दिवस होता शनिवार.

"मग जा ना," मी म्हटलं.

"भट्टीत पितळ वितळलेलं ठेवून कसा जाऊ, ताई? भाभी एकट्या बसतील तिथं. काही झालं तर?"

त्यांनी मंगलला यातलं काही सांगितलंच नव्हतं. सांगितलं तर ती लगेच जा म्हणेल, आणि ते निघाले की स्वतः रात्रंदिवस भट्टीशी बसेल, अशी त्यांची धास्ती होती. ती भट्टी बंद करणार असेल तरच ते जाणार, नाहीतर सोमवारी तिथं दुसरा कुणी लागणार. मी विचारलं, घरी काय म्हणतात? म्हणाले, घरचे काय म्हणणार, ते म्हणतात तुमचा दोस्त होता, तुम्ही ठरवा.

शहागंज

शहागंजाजवळच्या त्यांच्या घरी दुपारचं जेवण होतं. बाजारातून जाताना एका गल्लीत नान घ्यायला भट्टीवर थांबलो. हळदीचा हात लावलेले पिवळसर जाड नान, आतून मऊ. त्याच्याबरोबर खलिया, म्हणजे मटणाचा लालभडक पातळ रस्सा. आमच्याकडं रश्शात भाकरी कुस्करतात, इथं नान बुडवतात आणि वरची तर्री आधी टिपतात. सलीमभाईंच्या बायकोनं, रेहानाभाभींनी, मला बघता बघता तीन नान वाढले. ईद होऊन गेली होती तरी माझ्यासाठी शीरखुर्माही केला होता. शिरीष दर ईदेला यायचा आणि दोन वाट्या खायचा, म्हणाल्या. मलाही दोन घ्याव्या लागल्या.

जेवण झाल्यावर हात धुताना सलीमभाई हळूच बोलले. "एक गोष्ट भाभींना सांगू नका. त्या भट्टीत शिरीषभाऊंनी टाकलेलं आता काही राहिलेलं नाही. पितळेतलं जस्त धूर होऊन जातं. वर मळी येते, ती काढावी लागते. पातळी खाली गेली की मी भंगार टाकतो. इतक्या दिवसांत सगळं बदललं."

तो पांढरा धूर मी आदल्या दिवशी पाहिला होता. तो जस्ताचा होता हे तेव्हा मला कळलं नव्हतं. माझा भाऊ रोज थोडा थोडा त्या झाकणाखालून निघून गेला, आणि त्याच्या जागी कुणाच्या तरी मोडक्या तोट्या आणि समया आल्या, हे ऐकून मला घरात बसवेना. बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिले. समोर टोप्या आणि चपला विकणाऱ्यांची गर्दी होती, स्कूटरी हॉर्न वाजवत होत्या. कुणाला काही पडलेलं नव्हतं, आणि पडायचं कारणही नव्हतं.

पुन्हा वाळूज

रविवारी सकाळी मंगल डबा घेऊन शेडवर निघाली तशी मीही निघाले. या वेळी सुती साडी नेसून. रात्रभर मी ठरवत होते काय सांगायचं. धातूबद्दल बोलायचं नाही, हे पक्कं होतं. आलेखांबद्दल तर नाहीच. शेवटी शेडवर सलीमभाईंच्या समोरच मी सरळ सोमवारची गोष्ट सांगून टाकली. शेंद्र्याचा कारखाना, दोन्ही कामगार, आणि सलीमभाई का जात नाहीत ते.

ती हातातला डबा तसाच धरून उभी राहिली.

"मला वाटलं त्यान्ला करमत नाय म्हणून येत्यात," ती म्हणाली. "मला काय म्हाईत."

मग ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ झाकणाकडं बघत राहिली. मी म्हटलं, तुला नसेल बंद करायची तर आपण दुसरं माणूस बघू. तिनं मान हलवली. आणि मग जे बोलली ते ऐकून मी सलीमभाईंकडं बघू शकले नाही.

"त्यातलं त्यांचं लई ऱ्हायलं नाय, ते मला ठाव हाय. सलीमभाई भंगार टाकत्यात, मी बघते ना. पण ताई, विरजणात आईच्या घरचं दही ऱ्हातं व्हय? तरी आपण त्याला आईचंच म्हणतो."

सलीमभाई पलीकडं वळले आणि रुमालानं चष्मा पुसायला लागले. दोघांनीही इतके दिवस एकमेकांपासून तेच लपवलं होतं.

ती आजच बंद करू म्हणाली, उठली, हात धुतले, पदर खोचला. शेडमधल्या फळीवरची हळदीकुंकवाची कोयरी काढली. दसऱ्याला शिरीष तिच्याकडून भट्टीची पूजा करून घ्यायचा, त्यामुळं तिला काय करायचं ते माहीत होतं. लांबूनच तिनं चिमूट टाकली. कामगारांना बोलावून घेतलं. त्यांनी लगडींचे साचे ओळीनं मांडले. ओतायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून पितळेच्या नुसत्या विटा पाडायच्या होत्या.

ओतायच्या आधी मंगलनं एकच विचारलं.

"थोडं ठेवता येत नाय का तळाला? मूठभर?"

सलीमभाई तिच्याजवळ आले. माझ्या आठवणीत त्यांचा आवाज इतका खाली कधी आला नव्हता. "नाही, भाभी. वीज बंद केली की ते थिजेल, आणि भट्टी फुटेल. सगळंच काढावं लागतं."

आयुष्यभर जिनं पिठाचा डबा खरवडला नाही, तिला ते ऐकावं लागलं. तिनं माझा हात धरला, आणि इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ माझ्या मनगटावर नंतर दिसत होता. भट्टी तिरपी केली. पितळ चोचीतून खाली आलं, आधी सरळ धार, मग तुटक, मग थेंब थेंब. पहिल्या साच्यापासून शेवटच्या साच्यापर्यंत सगळे भरले, शेवटचा अर्धाच. कामगारांनी लांब सळईनं आतला तळ खरवडून घेतला. तो खरखर आवाज आला तेव्हा मंगलनं डोळे मिटले.

बटण तिनंच दाबलं. ती गुणगुण थांबली. ती थांबेपर्यंत मला कळलंच नव्हतं की मी इतका वेळ ती ऐकत होते. बाहेरच्या रस्त्यावरून जाणारा टेम्पोसुद्धा एकदम ऐकू यायला लागला.

जरा वेळानं मंगलनं अर्ध्या लगडीकडं बोट केलं. म्हणाली, सलीमभाई, ही घेऊन जा, तिथल्या भट्टीत विरजण म्हणून टाका. त्यांनी मान खाली घातली. तिथं पितळेचं काम नव्हतं, अॅल्युमिनियमचं होतं. टाकली असती तर सगळा माल बिघडला असता. हे सांगताना त्यांना फार कष्ट पडले. "बरं, नाय तर नाय," असं म्हणून ती भांडी आवरायला लागली. मग त्या शेडमध्ये डबा उघडून आम्ही पाचहीजण जेवलो. येसराचीच आमटी होती. दोन्ही कामगार जाताना मंगलच्या पाया पडले आणि सलीमभाई भट्टीच्या अंगावर हात ठेवून थोडे उभे राहिले. हात लगेच काढावा लागला, इतकी ती तापलेली होती.

मी विचारलं, आता तरी घरी शांत झोपशील ना? म्हणाली, झोपंन की. पण दिवसा इथं येऊन बसंन. आता कशाला, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ती म्हणाली, "गार व्हायला चार-पाच दिस लागत्यात तिला. जाड हाय ना आतून."

पुणे

सोमवारी सलीमभाई शेंद्र्याला हजर झाले आणि मी पुण्याची बस धरली. सोबत ती अर्धी लगड होती, मंगलनंच बॅगेत घातली. बसमध्ये बॅग वर ठेवताना ती शेजारच्या काकांच्या पायावर आदळली आणि त्यांनी मला बोल लावले, ते मी निमूट ऐकून घेतले. आता ती लगड माझ्या टेबलावर आहे. वरच्या बाईंना वाटतं मी संभाजीनगरहून काहीतरी कलाकुसरीची वस्तू आणलीय. वाटू दे.

शिरीष गेल्याचं देशाच्या वर्षअखेरच्या हिशेबात काही दिसायचं नाही, हे मला माहीत आहे. वाळूजच्या एका शेडची वीज थांबली, माल आधीच थांबलेला. आपल्या देशाची रेघ कदाचित केसभर खाली येईल आणि कुणीतरी माझ्यासारखी बाई ती वर्गात कौतुकानं दाखवेल. त्या देशातही प्लॅस्टिकचे व्हॉल्व्ह नीट चाललेत म्हणे. शिरीष असता तर ताटावरून उठला असता.

मी रोज दुपारी मंगलला फोन करत होते. पहिल्या दिवशी म्हणाली, हात लावू देत नाय अजून. मग म्हणाली, लावता येतो पण ठेवता येत नाय. पुढं एकदा म्हणाली, कोमट हाय, मांजर येऊन टेकून झोपलं व्हतं. रोज एवढंच बोलणं, आणि मग जेवलीस का, तुम्ही जेवलात का. मला तिच्या रोजच्या जाण्याचा अर्थ लागत नव्हता, पण विचारायचा धीरही होत नव्हता.

शुक्रवारी फोन तिनंच केला. संध्याकाळ होती, मी गॅसवर दूध ठेवलं होतं.

"ताई, गार झाली," ती म्हणाली. दूध उतू गेलं ते मी जाऊ दिलं.

"या वेळंला मी जवळ होते."